तुलना होत नाही, पण करू

बंटीदादाला ‘सध्या कुठला गेम चांगला आहे?’ असं विचारू नये. विचारायचंच असेल तर आधी घरी फोन करून ‘जेवायला थांबू नका’ म्हणून कळवावं, मग विचारावं. तो लगेच उत्तर देत नाही. आधी खुर्ची पुढे ओढतो, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतो, डोळ्यांवर चढवतो आणि म्हणतो, “जॉनर कुठला?”

विचारणारा बहुतेक वेळा एखादा भाचा असतो. फोनमध्ये जागा किती उरलीय, एवढीच त्याची चिंता. जॉनर म्हणजे काय, ते त्याच्या गावीही नसतं. तो बिचारा म्हणतो, “अंतराळवाला. एलियन वगैरे.”

झालं. “एलियन हा जॉनर नव्हे, राजा. एलियन हा विषय झाला. त्या एलियनला गोळी घालायची, त्याच्याशी बोलायचं, त्याच्यापासून लपायचं, की त्याच्या ग्रहावर कारखाना टाकायचा, तो जॉनर. आता या चौघांची तुलना होत नाही.” इथे एक छोटा श्वास. “पण करू.”

हे ‘पण करू’ आमच्या घराण्यात गेली पंचवीस-तीस वर्षं ऐकू येतंय.

बंटीदादा माझा आतेभाऊ. वय पंचेचाळिशीच्या पुढे, डोक्यावर केस मोजके, भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. दाखल्यावर चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते बँकेला ठाऊक. बाकी सगळ्यांना तो बंटी, आणि आम्हा लहानांना बंटीदादा. लहानपणी सुट्टीत आत्याकडे चिंचवडला गेलं की तो टीव्ही गेम लावायचा. पिवळी कॅसेट, तिच्यात फुंकर मारायची, खोचायची, नाही लागली की परत फुंकर. दुसरा रिमोट माझ्या हातात असायचा खरा, पण त्याची वायर जोडलेली नाही, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. गेम अर्थातच काँट्रा. वर-वर-खाली-खाली करून तीस जीव मिळवायचा मंत्र त्या पिढीतल्या प्रत्येकाला पाठ होता. पण काँट्रा ही विज्ञानकथा आहे, हे मला सांगणारा बंटीदादा एकटाच. “शेवटी काय येतं? धडधडणारं हृदय! परग्रहावरचं! तुम्ही सगळे गोळ्याच मोजत बसलात.” तेव्हा तो आठवीत असेल. तुलनेची बाधा तिथूनच झाली.

पुढे त्याच्या टेबलावर एक वही आली. लांबट, पुठ्ठ्याची, कारखान्यातल्या ब्रेकडाऊन रजिस्टरची बहीण शोभेल अशी. तीत गेमचं नाव, साल, जॉनर, शंभरपैकी गुण आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘डोळे छान, डोकं कमी’, ‘आवाज उत्तम, हात दुखतात’, ‘दुसऱ्यांदा खेळण्याची इच्छा: नाही’ असली वाक्यं. काही गुण खोडून बाजूला नवे लिहिलेले, खाली सही आणि तारीख. काका, म्हणजे त्याचे वडील, गणिताचे शिक्षक होते. उत्तरपत्रिका तपासायची शिस्त तिथून आलेली असावी.

वहीत वरच्या रांगेत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेलं एक नाव म्हणजे १९९८ सालचा हाफ-लाइफ. आमच्या गावातल्या निम्म्या पोरांनी हाफ-लाइफ इन्स्टॉल केला तो काउंटर-स्ट्राइक चालावा म्हणून. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून एकमेकांना मारायला. मूळ गेम त्यांनी उघडूनही पाहिला नाही, याचं दुःख बंटीदादाला आजही आहे. “अरे, सुरुवातीला नुसती ट्रॅम चालते! नायक कामाला निघालाय. तू आत उभा, बाहेर प्रयोगशाळा सरकतेय. गोळी नाही, काही नाही. माणूस रोज ऑफिसला जातो तसा जातोय. आणि मग सगळं बिघडतं.”

नायकाचं नाव गॉर्डन फ्रीमन. एमआयटीतून भौतिकशास्त्रात पीएचडी. प्रत्यक्षात त्या पीएचडीचा उपयोग काय, तर एक ट्रॉली ढकलायची. त्यानंतर हातात लोखंडी पहार येते आणि उरलेला जन्म त्या पहारेवर जातो. “विज्ञानकथा म्हणून इथे दहा गुण कापलेत,” बंटीदादा सांगतो. “शास्त्रज्ञ आहे, पण शास्त्र कुठे करतो?” हा फ्रीमन गेमभर एक अक्षर बोलत नाही, हे ऐकल्यावर आत्या गॅसजवळून म्हणाली होती, “स्थळ चांगलं आहे.” दुसऱ्या भागाचा पुढचा एपिसोड २००७ साली ऐन मोक्याच्या जागी थांबला. तिसऱ्याची वाट बघण्यात बंटीदादाचं लग्न झालं, केस गेले, श्रद्धा तेवढी उरली.

त्याचं सगळं शास्त्र एका प्रश्नावर उभं आहे, आणि मला तो प्रश्न मनापासून पटतो, म्हणून तर मी त्याचं ऐकून घेते. गोष्ट काय आहे, हे त्याच्या लेखी दुय्यम. “गेम तुझ्या हातांना काय करायला लावतो, ते सांग,” तो म्हणतो. विज्ञानकथा कादंबरीत वाक्यात असते, सिनेमात पडद्यावर असते, गेममध्ये ती बोटांत असायला हवी. गोष्टीत कितीही ब्रह्मांड असो, बोटं जर नुसता घोडाच दाबत असतील तर तो घोडा दाबायचाच गेम. या एका कसोटीवर तो पहारवाल्यालाही घासतो आणि ग्रहगोलांचं राज्य चालवणाऱ्यालाही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे गेम त्याच्या वहीत एका पानावर नांदतात ते असे.

सामान्य ज्ञानाच्या बाबतीत मात्र तो छळवादी आहे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी कुणीतरी गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’ पाठवतं. बाकीचे नमस्कार करतात. बंटीदादा लिहितो, “या एका गुलाबाच्या जागेत आठ आकाशगंगा बसल्या असत्या.” मग खुलासा: १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन कॉलेजकुमारांनी ‘एलिट’ नावाचा अंतराळव्यापाराचा गेम केला. बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरची सगळी मेमरी ३२ किलोबाइट. तेवढ्यात त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ तारे. यादी साठवायला जागाच नव्हती, म्हणून गणिताच्या सूत्रातून तारे दर वेळी नव्यानं काढायचे. गुलाब पाठवणाऱ्या मावशींनी यावर अंगठा दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी मोगरा पाठवला.

दुसरं त्याचं लाडकं टुमणं स्पेस इन्व्हेडर्सचं, साल १९७८. शत्रू मरतील तसे उरलेले जोरात खाली येतात आणि खेळणाऱ्याची गाळण उडते. ही कुणाची हुशारी? कुणाचीच नाही. यंत्र कमकुवत होतं, एवढी चित्रं हलवताना धापा टाकायचं. चित्रं कमी झाली की मोकळं व्हायचं आणि पळायचं. निशिकादोनं, म्हणजे गेमच्या कर्त्यानं, ते तसंच राहू दिलं. “आमच्या खात्यात उलटं आहे,” बंटीदादा म्हणतो. “माणसं कमी केली की काम थांबतं.”

पण त्याचं खरं रूप बघायचं तर त्याला लग्नाच्या पंगतीत बघावं. गेल्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नात मी, तो आणि दहावीतला एक पुतण्या असे ओळीनं बसलो होतो. पुतण्यानं तो जीवघेणा प्रश्न विचारला. बंटीदादानं चष्मा पुसला. म्हणाला, “आउटर वाइल्ड्स, २०१९. तोंडी सांगण्यात अर्थ नाही, थांब, दाखवतो.” आणि त्यानं ताट पुढे घेतलं.

जिलेबी मधोमध ठेवली. तो सूर्य. कोथिंबीरवडी म्हणजे आपला ग्रह, टिंबर हार्थ, झाडाझुडपांचा, तिथून आपलं लाकडी यान निघतं. मठ्ठ्याची वाटी म्हणजे जायंट्स डीप, सगळं पाणीच पाणी, वर वादळं. चमच्यानं त्यानं मठ्ठा गरगर फिरवून दाखवला. मग दोन रिकाम्या वाट्या शेजारीशेजारी ठेवून एकीत मसालेभात घातला आणि चिमटीचिमटीनं दुसरीत ओतू लागला. “हे जुळे ग्रह. याच्यावरची वाळू त्याच्यावर सांडत राहते. म्हणजे त्याच्यावरच्या गुहा बुजत जातात, आणि याच्या पोटात पुरलेलं उघडं पडत जातं. कुठे कधी जायचं, ते घड्याळावर ठरवायचं.” पुतण्याचा घास हातातच राहिला होता. मग पापड. “हा ब्रिटल हॉलो. याच्या पोटात कृष्णविवर आहे.” पापडाचा एकेक तुकडा मोडून तो खालच्या द्रोणात टाकत गेला. “जमीन अशी कोसळत जाते. तू उभा असलास तर तूही.”

“आणि ही कोशिंबीर?” पुतण्यानं विचारलं.

बंटीदादाचा आवाज एकदम खाली आला. “तिथे धुकं आहे. आत मासा आहे. प्रचंड मोठा. आंधळा, पण कानाचा तिखट. इंजिन बंद करायचं आणि आवाज न करता तरंगत जायचं.”

पलीकडच्या आजींनी पानावरून हात मागे घेतला. “मासा? कार्यालयात?”

त्यांची समजूत घालण्यात दोन मिनिटं गेली. एव्हाना पुढच्या पंगतीची मंडळी आमच्या खुर्च्यांमागे येऊन उभी राहिली होती. एका गृहस्थांनी तर माझ्या खुर्चीच्या पाठीवर हातही ठेवला होता. बंटीदादाला भान नव्हतं. “या गेममध्ये बरोबर बावीस मिनिटं मिळतात. बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो.” वाढपी म्हणाला, “ताक?” बंटीदादानं न बघता मान हलवली आणि वाटी पुढे करायची राहून गेली. ताक सरळ जिलेबीवर. तिथून ते कोथिंबीरवडीकडे गेलं, मग भाताकडे.

“सगळं संपतं,” बंटीदादा ताटाकडे बघत म्हणाला, “आणि तू परत पहिल्या मिनिटाला जागा होतोस.”

“म्हणजे परत जेवायचं?”

“परत. पण मागच्या वेळचं तुला आठवतंय. तेवढंच मिळतं. बंदूक नाही, गुण नाहीत, शक्ती वाढत नाही. शेवटपर्यंत जायचा रस्ता पहिल्यापासून मोकळाच असतो. फक्त तो आहे, हे तुला माहीत नसतं.” एवढं बोलून तो गप्प झाला. त्याच्या तोंडून ‘माहीत असणं हेच हत्यार’ असं एखादं वाक्य येईल म्हणून मी वाट पाहत होते, पण त्यानं फक्त ओली जिलेबी उचलून खाल्ली. पुतण्यानं त्याच रात्री गेम विकत घेतला. आजी मात्र दुसऱ्या दिवशीही विचारत होत्या, की त्या मुलाला कुणी डॉक्टरला दाखवलं का.

आउटर वाइल्ड्सला वहीत ९८ आहेत. त्याच पानावर समोर नो मॅन्स स्काय, ऑगस्ट २०१६, गुण ४१. तो आला त्या आठवड्यात बंटीदादानं रजा टाकली होती. जाहिरातीत ग्रहांची संख्या सांगितली होती, दोनाचा चौसष्टावा घात. काकांनी पेपर बाजूला ठेवला, पेन्सिल घेतली आणि आकडा काढला: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. “एकशे चौऱ्याऐंशी परार्ध,” काका म्हणाले. “परार्धाच्या पुढे भास्कराचार्यही थांबले. आणि बंटी, बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, पुढे दर घरात दुप्पट, ती गोष्ट आठवते? त्या सगळ्या दाण्यांच्या बेरजेपेक्षा हे एकानं जास्त आहेत. तो एक ग्रह कुणाचा?” त्या संध्याकाळी बापलेक एका पडद्यासमोर बसले, आणि माझ्या माहितीत तसे ते आधी फक्त क्रिकेटला बसत असत.

चार-सहा ग्रह पाहून झाल्यावर काकांनी विचारलं, “इथे करायचं काय?” बंटीदादाकडे उत्तर नव्हतं. तेव्हा जगभर बऱ्याच लोकांकडे नव्हतं. केवढा गदारोळ झाला होता. पुढे कंपनीनं वर्षानुवर्षं फुकट सुधारणा देऊन गेमचा कायापालट केला. मग वहीतही ४१ खोडून ६३, ६३ खोडून ७९ असं चढत गेलं. प्रत्येक वेळी शेरा एकच: ‘फेरतपासणीत वाढ.’ पण त्याच्या व्याख्यानात मुद्दा तोच राहिला. एकीकडे शेकड्यानं परार्ध ग्रह, दुसरीकडे ताटात मावतील एवढे. “तुलना होत नाही,” तो म्हणतो, आणि करतो.

त्याचा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी म्हणजे त्याचे नाशिकचे साडू. बँकेत आहेत, मोजकं बोलतात आणि फक्त डावपेचांचे गेम खेळतात. स्टारक्राफ्टवर वाढलेले, हल्ली स्टेलॅरिसमध्ये साम्राज्यं चालवतात. दोघं भेटले की बायका आधीच चहा वाढवून टाकतात.

“बंटीराव, तुमच्या त्या एलियन: आयसोलेशनमध्ये एलियन किती?”

“मुख्य म्हणाल तर एक.”

“एक! आमच्याकडे काल रात्री मी आख्खी जमात संपवली. चहा गार व्हायच्या आत.”

“त्यातलं एक तरी तोंड आठवतं का, अहो?”

साडू विचार करतात. ते प्रामाणिक आहेत. “नाही.”

“माझा एक मला अजून झोपू देत नाही.”

हा मुद्दा बंटीदादाचाच, आणि बरोबर आहे. वरून बघणाऱ्या गेममध्ये परग्रहवासी हा आकडा असतो. कपाटात लपून बघणाऱ्या गेममध्ये तो श्वास असतो. जॉनर बदलला की त्याच प्राण्याचं वजन बदलतं. साडूंचं उत्तरही हलकं नसतं. स्टारक्राफ्टमध्ये टेरन, झर्ग, प्रोटॉस, तीन जाती. एकीचं काहीही दुसरीसारखं नाही, तरी तिघींचा तोल असा की कोरियात त्याचे सामने टीव्हीवर दाखवायचे. “वेगळ्यांची तुलना कशी करायची, हे त्या लोकांनी १९९८ लाच सोडवलंय,” साडू म्हणतात, “तुम्ही अजून वही घेऊन बसलाय.” यावर बंटीदादा साडूंना आणखी एक भजी वाढतो. हरला की तो वाढतो.

त्या एलियनचं पुढचं प्रकरण घरातलंच. तो गेम, साल २०१४, प्लेस्टेशनच्या कॅमेऱ्यातल्या माइकनं तुमच्या खोलीतला आवाज ऐकू शकतो. सोय चालू ठेवली तर तुम्ही खोकलात की तिकडे प्राणी कान टवकारतो. बंटीदादानं अर्थातच चालू ठेवली, “नाहीतर तुलना प्रामाणिक होणार नाही.” रात्रीचे साडेआठ, दिवे बंद, तो कपाटात, बाहेर प्राणी फिरतोय. स्वयंपाकघरात वहिनीनं डाळीचा कुकर लावलेला. पहिल्या शिट्टीला प्राणी थबकला. दुसरीला वळला.

“अरे, किती शिट्ट्या झाल्या?” वहिनीनं आतून विचारलं.

“तीन,” बंटीदादा म्हणाला. “आणि मी मेलो.”

“मग गॅस बंद कर.”

वहिनी स्वतः यातलं काही खेळत नाही, पण तिचे शेरे वहीत जायच्या लायकीचे असतात. बंटीदादा दिवसभर कारखान्यात कन्व्हेयर बेल्ट दुरुस्त करतो आणि घरी येऊन फॅक्टोरिओ लावतो. फॅक्टोरिओत काय, तर परग्रहावर पडलेला एक इंजिनिअर कन्व्हेयर बेल्ट टाकत जातो. तांब्याच्या पट्ट्या इकडे, लोखंडाच्या तिकडे, मध्ये कोंडी झाली की ती सोडवायची. वहिनीनं एकदा दारात उभं राहून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, “तिथे पगार तरी मिळतो.” बंटीदादाचं म्हणणं, की यात एक खोल गंमत आहे. तिथले मूळचे किडे आपल्यावर हल्ला करतात ते आपल्या कारखान्याच्या धुरामुळे. काँट्रात राक्षस ते होते, इथे राक्षस आपण. आणि हे कुणी भाषण करून सांगत नाही, चिमण्या वाढवताना आपलं आपल्याला कळतं. फॅक्टोरिओला ९४ आहेत. डेड स्पेसलाही मान आहे, कारण त्याचा नायक मेंटेनन्सवाला. आयझॅक क्लार्क, नाव आसिमॉव्ह आणि आर्थर क्लार्क यांच्यावरून घेतलेलं, आणि हातात खाणकामाचा कटर. “शेवटी आमच्यातल्या एकाला नायक केला,” असं तो अभिमानानं सांगतो, जणू बढती त्यालाच मिळालीय.

कर्बल स्पेस प्रोग्रॅमनं मात्र त्याला पुरता कामातून घालवला. त्यात हिरव्या बुटक्यांसाठी रॉकेट बांधायचं आणि खऱ्या नियमांनी उडवायचं. तेव्हापासून तो गाडीतही कक्षेत असतो. एक्स्प्रेसवेवर वहिनी गाडी चालवत होती, पुढे माझ्या भावाची गाडी, आणि तिला गाठायचं होतं. बंटीदादा शेजारून म्हणाला, “कक्षेत असतो ना, तर आता ब्रेक मारला असता. वेग कमी केला की खालच्या कक्षेत येतो, खालच्या कक्षेत फेरी लवकर होते, की मागचा पुढच्याला गाठतो.”

“आपण कक्षेत नाही,” वहिनी म्हणाली. “खालापूर टोलला आहोत. फास्टॅगचं बघ.”

पण २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी याच माणसाभोवती सगळं घर गोळा झालं होतं. चांद्रयान उतरत होतं. टीव्हीवरचे निवेदक ‘अभिमानाचा क्षण’ म्हणत होते, बंटीदादा ते ऐकतच नव्हता. त्याचे डोळे आकड्यांवर. “आडवा वेग बघा, आडवा. उंची नंतर. आडवा वेग मारला नाही तर उतरत नाही, घसटत जातं.” २०१९ ला आधीच्या चांद्रयानाच्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला त्या रात्री तो उशिरापर्यंत पडद्यासमोर हिरव्या बुटक्यांना चंद्रावर आपटवत बसला होता, कुठे चुकलं असेल ते बघत. या वेळी सहा वाजून गेले, आडवा वेग शून्याकडे आला, उभा आला, आणि उतरलं. सगळे टाळ्या वाजवत असताना तो फक्त एवढंच म्हणाला, “इंधन उरलं असेल.” काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला वाटतं, त्या थापेत नो मॅन्स स्कायची रजाही माफ झाली.

त्याला काही गेम आवडत नाहीत असं नाही. त्याला काही माणसं आवडत नाहीत, ‘ग्राफिक्स कसे आहेत?’ विचारणारी. अशांना तो पोर्टल देतो. २००७ चा, तीन-चार तासांचा, भिंतीत दोन भोकं पाडून एकातून शिरायचं आणि दुसऱ्यातून निघायचं, एवढंच. गोळीबाराची सगळी यंत्रणा वापरून केलेलं कोडं. वरून ग्लाडॉस नावाच्या यंत्राचा गोड बायकी आवाज सूचना देत असतो, कौतुक करता करता अपमान करतो, आणि शेवटी केक आहे म्हणून आशा लावतो. आत्या एकदा शेंगा सोलत शेजारी बसली होती. “ही बाई कोण सारखी टोमणे मारतेय?” तिनं विचारलं. दहा मिनिटांनी म्हणाली, “पण मारते छान.” पोर्टलला ९६.

मास इफेक्टबद्दल मी जपून बोलते. चिंचवडच्या त्यांच्या सोसायटीची लिफ्ट फार हळू आहे, आणि तिच्यात शिरलं की तो आजही “लोडिंग चाललंय” म्हणतो, कारण पहिल्या मास इफेक्टमध्ये संथ लिफ्टच्या आड पुढचा भाग भरला जायचा. तीन गेम, पाच वर्षं, त्यानं एकेका सहकाऱ्याशी बोलून, एकेकाचं मन सांभाळून आकाशगंगा एकत्र आणली. २०१२ ला तिसऱ्याच्या शेवटी त्याच्यासमोर तीन रंग आले, लाल, निळा, हिरवा, एक निवड. शेवट बराचसा सारखाच. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. वहीत त्या रकान्यात गुण नाहीत, पेनानं खरवडून कागद फाटलाय. पुढे कंपनीनं शेवट लांबवून दिला, फुकट. कागद काही सांधला नाही.

आणि मग २०२० ची दिवाळी. कुणी कुणाकडे जायचं नाही म्हणून भाच्यांनी ठरवलं, फराळ आपापल्या घरी आणि खेळ फोनवर. अमंग अस. अंतराळयानात दहाजण, त्यातला एखाद-दुसरा घातपाती, चर्चा करून ओळखायचा आणि यानाबाहेर फेकायचा. बंटीदादानं आधीच जाहीर केलं, की ही विज्ञानकथा नव्हे, हा अंताक्षरीचा प्रकार आहे, यान फक्त शोभेला. तरी खेळला. पहिल्या चर्चेत त्यानं यानाच्या वायरिंगवर इतका वेळ घेतला, की संशयाचं कारण न शोधता सगळ्यांनी त्याला बाहेर फेकला. दुसऱ्या डावातही. तिसऱ्या डावात आत्या आली. सत्तरीतली, चष्मा कपाळावर, एका हातात चकली.

“मी काय बाई, मला हे खेळता येत नाही,” ती प्रत्येक चर्चेत म्हणायची. “मी आपली तिथे कचरा टाकत होते. बंटी मात्र माझ्या मागे मागे येत होता.”

एकेक करत सगळे गेले. शेवटी ती, बंटीदादा आणि माझी धाकटी भाची उरली. आत्या म्हणाली, “पोटचा पोरगा आहे, मी कशाला खोटं सांगेन?” आणि बंटीदादा तिसऱ्यांदा यानाबाहेर तरंगत गेला. लाल अक्षरांत उमटलं तेव्हा कळलं, घातपाती आत्या होती. सगळ्या खोल्यांतून एकदम ओरडा झाला. बंटीदादा शांतपणे उठला, वही काढली आणि लिहू लागला.

“मला किती दिलेस?” आत्यानं विचारलं.

“आई, हा वेगळा जॉनर आहे. याची तुलना…”

“किती दिलेस?”

“७४.”

“आणि त्या टोमणेवाल्या बाईला?”

बंटीदादाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर तो तीनदा हरला होता. “९६,” तो म्हणाला.

दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला. वहिनी सांगते, पहिला आठवडाभर त्याच्या डब्यात रोज दुधी होता.